श्रवणसंशोधनात पूर्वनोंदणी इतकी विरळ का?

श्रुतिरेषा (प्रश्न)

श्रवणविज्ञानातील माझ्या पीएच.डी.चे हे दुसरे वर्ष आहे. भोवती गोंगाट असताना समोरच्याचे बोलणे समजून घ्यायला किती मानसिक श्रम पडतात, हे डोळ्याच्या बाहुलीच्या विस्फारण्यावरून मोजणे हा माझा विषय. प्रयोगाचा आराखडा तयार आहे, सहा जणांवर प्राथमिक चाचणी झाली आहे आणि मुख्य मोजमापे सुरू करण्याआधी अभ्यासाची पूर्वनोंदणी करावी, असे मला मनापासून वाटते. गृहीतक काय, सहभागी किती, कोणाला कोणत्या कारणाने वगळणार आणि निष्कर्ष कोणत्या सांख्यिकी पद्धतीने काढणार, हे सारे मुख्य अभ्यासाचा एकही आकडा हाती येण्यापूर्वी लिहून, तारखेच्या शिक्क्यासह नोंदवहीत ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

पण आमच्या गटात हे आजवर कोणी केलेले नाही. मार्गदर्शकांचा विरोध मुळीच नाही. "आपल्या विषयात तशी पद्धत नाही," एवढेच ते सहज म्हणाले, आणि ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले आहे. आमच्याच इमारतीत मानसशास्त्राचे जे विद्यार्थी आहेत, ते एकमेकांना नोंदणी झाली का, असे विचारूनच कामाला लागतात. उलट माझ्या वाचनात येणाऱ्या श्रवणविषयक शोधनिबंधांत, औषधांच्या किंवा उपकरणांच्या चाचण्या सोडल्या, तर नोंदणीचा उल्लेख क्वचितच दिसतो.

शेजारच्या क्षेत्रांच्या तुलनेत आपण खरोखरच इतके मागे आहोत का, आणि असलो तर त्याला विषयाच्या स्वरूपातच काही कारण आहे की ही निव्वळ सवय आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. प्राथमिक चाचणी होऊन गेलेली असताना आता केलेली नोंदणी ग्राह्य धरली जाईल का, हेही कृपया सांगावे.

मोजपट्टी

तुलना करताना 'शेजारची क्षेत्रे' असा एकच गठ्ठा बांधू नये, असे मी सुचवेन, कारण श्रवणसंशोधनाचे दोन शेजारी अगदी वेगळ्या वाटेने येथवर आले आहेत.

पहिला शेजारी म्हणजे वैद्यकीय चाचण्या. तेथे नोंदणी कोणाच्या सदिच्छेवर सोडलेली नाही. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही २००० साली खुली झाली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००४ मध्ये जाहीर केले की, नोंदणी न केलेली चाचणी आम्ही छापणार नाही, आणि १ जुलै २००५ पासून तो नियम लागू झाला. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २००८ च्या आवृत्तीने प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी व्हावी असे सांगितले आणि २०१३ च्या आवृत्तीने तीच अपेक्षा माणसांवरील सर्वच वैद्यकीय संशोधनापर्यंत वाढवली. त्यामुळे कर्णनादावरील, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात येणाऱ्या आवाजावरील, औषधाची किंवा श्रवणयंत्राची रीतसर चाचणी करणारा श्रवणसंशोधक आधीपासूनच या शिस्तीत आलेला असतो. तुमच्या वाचनात चाचण्यांपुरताच नोंदणीचा उल्लेख का दिसतो, याचे उत्तर येथे आहे.

दुसरा शेजारी मानसशास्त्र. त्यांना नियमाने नव्हे, तर ठेच लागल्यामुळे जाग आली. २०११ मध्ये तिघा संशोधकांनी गणिताने दाखवून दिले की, कोणता परिणाम मोजायचा, सहभागी घेणे कधी थांबवायचे, कोणता गट वगळायचा अशा चार निरुपद्रवी वाटणाऱ्या सवलती एकत्र घेतल्या, तर खोटा 'अर्थपूर्ण' निष्कर्ष मिळण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाते. पुढे २०१५ मध्ये १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण होते, पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्के निघाले. एवढे होऊनही मानसशास्त्राविषयी आपली जी समजूत आहे, ती थोडी फुगलेली आहे. २०१४ ते २०१७ या काळातील मानसशास्त्रीय शोधनिबंधांचा यादृच्छिक नमुना तपासला गेला, तेव्हा पूर्वनोंदणी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास आढळली. तुमच्या इमारतीतील विद्यार्थी म्हणजे सारे मानसशास्त्र नव्हे, याची त्यावरून कल्पना यावी.

आता आपण. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ऑडिऑलॉजी'ने २०१९ मध्ये पूर्वनोंदणीला उत्तेजन देणारे संपादकीय छापले आणि २०२० च्या आरंभी 'इअर अँड हिअरिंग'च्या संपादकीयाने तर शीर्षकातच 'आता वेळ आली आहे' असे म्हटले. एखादी रीत रुळलेली असती, तर तिच्यासाठी असे आवाहन करावे लागले नसते. तुलनेसाठी पाहा: 'कॉर्टेक्स' या मेंदूविज्ञानाच्या नियतकालिकाने अभ्यासाचा आराखडाच परीक्षकांकडे पाठवून, निष्कर्ष येण्याआधी निबंध स्वीकारण्याची पद्धत २०१३ मध्येच सुरू केली होती. प्रयोगशाळेतील श्रवणसंशोधनापुरते बोलायचे, तर आपण मागे आहोत, हे मान्य करावे लागते.

आणि माझ्या मते याची खरी चिंता वाटावी असे कारण निराळेच आहे. सवलतींचा मोह आपल्या विषयात इतरांपेक्षा कमी नाही. मला तर तो जास्तच वाटतो. साधा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा किती हळू आवाज ऐकू येतो याचा आलेख, घ्या. सरासरी श्रवणपातळी काढताना ५००, १००० आणि २००० हर्ट्झ घ्यायचे की ४००० हर्ट्झही धरायचे? चांगला कान, वाईट कान की दोहोंची सरासरी? श्रवण 'सामान्य' कोठपर्यंत मानायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वर्गवारीत ही मर्यादा २५ डेसिबल होती, २०२१ च्या अहवालात ती २० डेसिबल झाली. यातली प्रत्येक निवड समर्थनीय आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. आकडे पाहून झाल्यावर कोणती निवड केली आणि का केली, हे खुद्द संशोधकालाही प्रामाणिकपणे आठवत नाही. पश्चातबुद्धीला कारणे नेहमीच सुचतात.

'छुप्या श्रवणदोषा'चे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दिसले की, मोठ्या आवाजाच्या माऱ्यानंतर श्रवणपातळी पूर्ववत झाली, तरी कानात आवाज टिपणाऱ्या आतील केसपेशी आणि श्रवणचेता यांमधील जोडण्या, विशेषतः उच्च वारंवारतेच्या भागात, निम्म्यापर्यंत कायमच्या नष्ट झालेल्या असतात. निष्कर्ष विलक्षण महत्त्वाचा होता आणि माणसातही असेच होते का, हे शोधायला अनेक गट सरसावले. परंतु जिवंत माणसाच्या या जोडण्या मोजता येत नाहीत. मग आवाजाला ब्रेनस्टेमने, म्हणजे मेंदूच्या खोडाने, दिलेल्या विद्युत प्रतिसादातील पहिल्या लहरीची उंची, पहिल्या व पाचव्या लहरीचे गुणोत्तर, ८००० हर्ट्झच्या वरची श्रवणपातळी, गोंगाटातील आकलन, आयुष्यभरात सोसलेल्या आवाजाची प्रश्नावली, अशी कितीतरी अप्रत्यक्ष मापे घेतली जातात. दहा मापे आणि दोन गट असले की, कोठेतरी फरक दिसणारच. काही अभ्यासांत तो दिसला, तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ तरुणांच्या मोठ्या अभ्यासात ब्रेनस्टेमच्या प्रतिसादांचा आवाजाच्या सवयींशी ठोस संबंध आढळला नाही. जे फरक दिसले, त्यांतले कोणते आधी ठरवून शोधले होते आणि कोणते वाटेत सापडले, हे वाचकाला कळायला नोंदणीखेरीज दुसरा मार्ग नाही.

शांतखोली

मोजपट्टी यांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे. तरीही एका बाबतीत श्रवणविज्ञानावर थोडा अन्याय होत आहे, असे वाटते म्हणून लिहितो. मी गेली अनेक वर्षे ध्वनिमानसशास्त्रात, म्हणजे सायकोअकुस्टिक्समध्ये, काम करतो.

आमच्याकडचा जुना प्रयोग कसा असतो, हे पाहावे. चार-पाच श्रोते, प्रत्येकाचे कित्येक तासांचे प्रशिक्षण आणि मग प्रत्येकाकडून हजारो प्रतिसाद. दोन बरोबर उत्तरांनंतर आवाज कमी करायचा आणि एका चुकीनंतर वाढवायचा, ही १९७१ पासून रूढ असलेली पायऱ्यांची पद्धत वापरली की, मोजमाप ७०.७ टक्के अचूकतेच्या बिंदूपाशी जाऊन स्थिरावते. हा बिंदू गणिताने ठरतो, संशोधकाच्या मर्जीने नव्हे. परिणाम प्रत्येक श्रोत्यात स्वतंत्रपणे दिसावा लागतो, त्यामुळे पाच श्रोत्यांचा अभ्यास म्हणजे एकाच प्रयोगाच्या पाच पुनरावृत्ती असतात. दृष्टिविज्ञानातही हीच परंपरा आहे. अशा कामात गटांच्या सरासरीतील बारीक फरकावर आणि पी-मूल्यावर, म्हणजे निष्कर्ष 'अर्थपूर्ण' ठरवणाऱ्या सांख्यिकी आकड्यावर, काहीच टांगलेले नसते, आणि ज्या रोगावर पूर्वनोंदणी हे औषध आहे, तो रोगच येथे फारसा शिरत नाही. आमच्या क्षेत्रात नोंदणी विरळ असण्यामागे आळस नाही. तिची निकड भासावी, असे अपयश या परंपरेने फारसे पाहिलेले नाही.

मात्र हेही कबूल केले पाहिजे की, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत श्रवणसंशोधनाचा मोठा भाग या परंपरेतून बाहेर पडला आहे. वृद्ध आणि तरुण, वादक आणि अवादक, श्रवणयंत्र वापरणारे आणि न वापरणारे अशा गटांची तुलना करणारे अभ्यास वाढले. एकेका सहभागीकडून मिळणारी माहिती आटली आणि माणसामाणसांतील तफावत मात्र प्रचंड राहिली. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतील कानात बसवलेले श्रवण-उपकरण, असलेल्यांच्या अभ्यासात तर बहिरेपण कधी आले, किती वर्षे राहिले, उपकरण कोणते, या प्रत्येक गोष्टीने निष्कर्ष हलतो. साधने मानसशास्त्राची घेतली, तिथल्या खबरदाऱ्या मात्र आपण सोबत आणल्या नाहीत. श्रुतिरेषा यांचा अभ्यास दुसऱ्या प्रकारचा दिसतो, तेव्हा त्यांनी नोंदणी अवश्य करावी. माझा आग्रह एवढाच, की नोंदणी नाही म्हणून एखाद्या जुन्या पद्धतीच्या काटेकोर अभ्यासाकडे संशयाने पाहिले जाऊ नये.

मोजपट्टी

शांतखोली यांचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो आधीच मांडायला हवा होता. एक छोटी पुस्ती जोडतो. पाच श्रोत्यांच्या अभ्यासातही "एका श्रोत्याला कार्य जमले नाही, म्हणून त्याची मोजमापे वगळली," असे वाक्य येते. कार्य जमले नाही म्हणजे किती प्रशिक्षणानंतर आणि कोणत्या निकषाने, हे जर आधी लिहून ठेवले असेल, तर त्या वाक्याचे वजन वाढते. पाचातला एक म्हणजे वीस टक्के नमुना असतो.

वादकांचा उल्लेख निघाला, म्हणून हेही सांगतो. संगीताच्या तालमीने ब्रेनस्टेमचे ध्वनीला मिळणारे प्रतिसाद अधिक बळकट होतात, ही कल्पना छोट्या नमुन्यांवरील अभ्यासांतून दीर्घकाळ मानली जात होती. सहा प्रयोगशाळांनी मिळून, पूर्वनोंदणी करून, अडीचशेहून अधिक सहभागींवर तीच मोजमापे पुन्हा घेतली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असा संबंध आढळला नाही. आपल्या क्षेत्रातले हे काम मला फार मोलाचे वाटते.

दुसरीबाजू

मी वैद्यकीय चाचण्यांच्या सांख्यिकीत काम करते, म्हणून त्या बाजूचा अनुभव येथे ठेवते. नोंदणी सक्तीची झाली की प्रश्न मिटतो, असे मात्र नाही.

आधी चांगली बाजू. अमेरिकेतील हृदय, फुप्फुस व रक्तविषयक राष्ट्रीय संस्थेने निधी दिलेल्या मोठ्या चाचण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ चाचण्यांत मुख्य परिणामावर, म्हणजे उपचाराचे यश ज्याने मोजायचे त्या मापावर, लाभ दिसला होता. २००० नंतरच्या २५ पैकी केवळ दोन चाचण्यांत तो दिसला. या बदलाचे सारे श्रेय नोंदणीला देता येणार नाही, कारण त्याच काळात इतरही बरेच काही बदलले; पण मुख्य परिणाम कोणता हे आधी जाहीर करावे लागल्याचा त्यात वाटा असावा, असे मानायला जागा आहे.

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी एका गटाने पाच अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकांतील ६७ चाचण्यांचे निबंध त्यांच्या नोंदणीशी ओळीने ताडून पाहिले. आधी जाहीर केलेलेच परिणाम जसेच्या तसे मांडणारे निबंध होते फक्त नऊ. जाहीर केलेले ३५४ परिणाम निबंधांत आलेच नव्हते आणि ३५७ नवे परिणाम कोणतीही कल्पना न देता घुसवलेले होते. नोंदणी होती, परंतु ती उघडून पाहण्याचे कष्ट परीक्षकांनीही घेतले नव्हते आणि संपादकांनीही नाही. म्हणून श्रवणसंशोधनात नोंदणीचे प्रमाण किती, या प्रश्नाइतकाच ती कोणी वाचते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कर्णनादाच्या क्षेत्रात तर याची फार गरज आहे. प्रौढांवरील कर्णनादाच्या उपचारचाचण्यांचा जो आढावा २०१६ मध्ये आला, त्यात मुख्य परिणाम मोजण्यासाठी ७८ वेगवेगळी साधने वापरलेली आढळली. एका चाचणीत आवाजाची तीव्रता, दुसरीत त्याचा त्रास, तिसरीत झोप. आधी बोलून दाखवल्याशिवाय अशा ठिकाणी 'उपचार लागू पडला' या विधानाला अर्थच उरत नाही.

नोंदणीमुळे वाचन कसे बदलते, याचे एक उदाहरण आपल्याच क्षेत्रातले आहे. श्रवणयंत्रे दिल्याने वृद्धांची आकलनशक्ती मंदावण्याचा वेग कमी होतो का, हे पाहणारी अचीव्ह ही ९७७ जणांवरील चाचणी २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनंतर सर्व सहभागींचा एकत्र विचार करता, दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. मात्र हृदयविकाराच्या एका जुन्या दीर्घकालीन अभ्यासातून आलेल्या, अधिक जोखमीच्या २३८ जणांत ही घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. बातम्यांनी साहजिकच ४८ टक्के उचलले. आता विचार करा: हा उपगट आकडे पाहून नंतर निवडला असता, तर मी तो आकडा बाजूला ठेवला असता. परंतु या उपगटाचे वेगळे विश्लेषण आधीच ठरलेले होते. तेवढ्याने तो मुख्य निष्कर्ष होत नाही, मुख्य प्रश्नाचे उत्तर 'फरक नाही' असेच राहते. पण पुढची चाचणी त्याच्या आधारे उभारावी, इतके वजन त्याला नक्कीच मिळते. हा मधला दर्जा आधी लिहून ठेवलेल्या योजनेमुळेच देता येतो, आणि श्रवणयंत्र घ्यावे की नाही या विचारात असलेल्या माणसाला तरी आपण एवढा स्पष्टपणा देणे लागतो.

श्रुतिरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'आपल्या विषयात तशी पद्धत नाही' या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या, हे आता कळते: जुन्या काटेकोर परंपरेत नोंदणीची निकड न भासणे आणि गटांची तुलना करणाऱ्या अभ्यासांतही ती न करणे.

माझ्या अडचणी अगदी बारीक आहेत. बाहुलीच्या आकाराची आधाररेषा वाक्य सुरू होण्याआधीच्या एका सेकंदातून घ्यायची की अर्ध्या? विस्फारण्याचे शिखर मोजायचे की सरासरी, आणि सरासरी असेल तर किती वेळाची? पापण्या मिटल्याने गळालेली मोजमापे किती असेपर्यंत भरून काढायची आणि कोठे तो प्रयत्नच रद्द करायचा? प्राथमिक चाचणीच्या सहा जणांत शिखर घेतले तर माझे गृहीतक खरे ठरते आणि सरासरी घेतली तर डळमळते. हे मी पाहून बसले आहे, आणि म्हणूनच मला अपराधी वाटत आहे.

मोजपट्टी

अपराधी वाटण्याचे काहीच कारण नाही. प्राथमिक चाचणी असते ती यासाठीच. त्या सहा जणांची मोजमापे मुख्य नमुन्यात मिसळू नका आणि ती पाहूनच शिखराची निवड केली, हे नोंदणीत उघड लिहा. जे लपवलेले नाही, त्याने नोंदणी बाद होत नाही. शिखर हे मुख्य माप ठरवा, सरासरीही मांडणार आहात हे त्याच वेळी लिहा, आणि दोहोंनी वेगळे उत्तर दिले तर काय म्हणणार, तेही आत्ताच लिहा. हे शेवटचे वाक्य लिहिणे सर्वांत जड जाते.

विश्लेषणाचा प्रोग्रॅम पूर्ण लिहून, त्या सहा जणांच्या मोजमापांवर चालवून, नोंदणीसोबत जोडून टाका. शब्दांत लिहिलेल्या योजनेत फटी राहतात. प्रोग्रॅममध्ये सेकंद की अर्धा सेकंद, हे लिहावेच लागते. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर नोंदणी चार वर्षांपर्यंत बंद ठेवण्याची सोय आहे, तेव्हा कल्पना कोणी उचलेल, ही भीतीही मार्गदर्शकांना वाटायला नको. पुढे काही बदलावे लागले, तर बदला आणि निबंधात काय, केव्हा, का बदलले ते सांगा. शोधताना वेगळे काही सापडले, तर तेही अवश्य छापा, फक्त ते वाटेत सापडले असे म्हणून.

आराखडाच परीक्षकांकडे आधी पाठवण्याचा मार्गही आहे. मानसशास्त्रात अशा निबंधांची तुलना नेहमीच्या निबंधांशी केली गेली, तेव्हा पहिले गृहीतक खरे ठरण्याचे प्रमाण नेहमीच्या निबंधांत ९६ टक्के आणि या निबंधांत ४४ टक्के आढळले. मला तो मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो. पण परीक्षणाचे काही महिने मोजमापे थांबवावी लागतात. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात ते परवडेल का, हे मार्गदर्शकांशी बोलून ठरवा.

शांतखोली

एक गोष्ट राहून जाईल म्हणून सांगतो. सहभागींचे श्रवण 'सामान्य' असावे, अशी अट तुम्ही घातलीच असणार. एखाद्याच्या एकाच कानात, एकाच वारंवारतेवर, मर्यादेपेक्षा ५ डेसिबल जास्त निघाले, तर त्याला घेणार की परत पाठवणार? ऑडिओमीटरची पायरीच ५ डेसिबलची असते, त्यामुळे असा माणूस पहिल्या आठवड्यातच तुमच्यासमोर येऊन बसेल. त्याच्याविषयीचा नियम आजच लिहा.

श्रुतिरेषा

असा एक जण त्या सहांतच होता, आणि मी त्याला घेतले होते. मर्यादा २० डेसिबल, दोन्ही कान, २५० ते ८००० हर्ट्झ, आणि एका कानात एकाच वारंवारतेवर २५ पर्यंत सवलत, असे आत्ताच मसुद्यात लिहिले आहे. उद्या मार्गदर्शकांना दाखवते.